शिक्षकांना निर्णयात घेतलं की कामाची बांधिलकी वाढते का? शाळेतल्या लोकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान जिल्हा परिषद, अनुदानित आणि विनाअनुदानित शाळांतल्या शिक्षकांसाठी, मुख्याध्यापकांसाठी आणि संस्थेच्या पदाधिकाऱ्यांसाठी आहे. स्टाफरूममध्ये, आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत, ट्रेनिंगच्या चहाच्या ब्रेकला जे प्रश्न सारखे कानावर येतात तेच इथे घेतलेत. काही उत्तरं दोन ओळींची आहेत, काही बरीच लांबलीत, कारण सगळे प्रश्न सारख्या वजनाचे नाहीत.

मीटिंगला आम्ही सगळे बसतोच की, मग अजून कसला सहभाग?

बसणं वेगळं आणि ठरवणं वेगळं. बऱ्याच शाळांत स्टाफ मीटिंग म्हणजे हेड सर सूचना वाचून दाखवतात, स्नेहसंमेलनाची तारीख सांगतात, परीक्षेच्या ड्यूट्या वाटतात आणि "कुणाला काही बोलायचंय का?" असं विचारेपर्यंत शाळा सुटून अर्धा तास झालेला असतो, निम्म्या लोकांचं लक्ष एसटीकडे असतं. इतिवृत्तात "सर्वानुमते ठरले" असं येतं आणि सगळे सही करून निघतात. ही माहिती देणारी मीटिंग झाली. तिचीही गरज असते, पण तिला सहभाग म्हणू नये.

ओळखायची खूण सोपी आहे. मीटिंगच्या आधी जो प्रस्ताव होता तो मीटिंगनंतर निदान कधीतरी बदलतो का? वर्षभरात एकदाही बदलला नसेल तर तिथे मत विचारलं जातंय पण घेतलं जात नाहीये. आणि माझ्या मते हे अजिबात न विचारण्यापेक्षा वाईट, कारण न विचारणाऱ्या हेडबद्दल माणूस म्हणतो की त्यांचा स्वभावच तसा आहे, पण विचारून बाजूला ठेवलं की पुढच्या वेळी तो तोंडच उघडत नाही.

सहभाग दिला की शिक्षक मन लावून काम करतात, हे खरं आहे का भाषणापुरतं?

खरं आहे, पण आधी बांधिलकी कुठल्या प्रकारची ते बघावं लागतं. कॅनडातले जॉन मायर आणि नॅटली अॅलन यांनी १९९१ मध्ये कामावरच्या बांधिलकीचे तीन भाग मांडले आणि ते आपल्या स्टाफरूमला तंतोतंत लागू होतात. एक, मनापासूनची ओढ, म्हणजे ही शाळा माझी आहे, इथली पोरं माझी आहेत. दुसरी, सोडलं तर नुकसान होईल म्हणून टिकून राहणं, म्हणजे सिनिऑरिटी जाईल, पेन्शनचं काय, घर इथेच बांधलंय, आता कुठे जाणार. तिसरी, कर्तव्याची भावना, संस्थेने पडत्या काळात नोकरी दिली तर तिच्याशी प्रामाणिक राहायला हवं.

दुसऱ्या प्रकारातला माणूस तीस वर्षं एकाच शाळेत काढतो, मस्टरवर एक लाल शेरा नसतो, तरी वर्गात जेवढ्यास तेवढं करतो. त्याच्या तीस वर्षांवरून बांधिलकी मोजायला गेलात तर फसाल. निर्णयात घेतल्याने वाढते ती मुख्यतः पहिली, ओढ. आपण सुचवलेली गोष्ट अमलात आली की ती नीट चालावी म्हणून माणूस स्वतःहून थांबतो, कुणी सांगायला लागत नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, हा रस्ता दोन्ही बाजूंनी चालू असतो. ज्यांना आधीपासून ओढ आहे तेच कमिट्यांत पुढे येतात, त्यामुळे कमिटीतले शिक्षक जास्त मन लावतात असं दिसलं तरी ते सगळं कमिटीमुळेच असं म्हणता येत नाही. म्हणून नेहमीच्या तीनचार उत्साही लोकांना घेऊन "आमच्याकडे सहभाग आहे" असं कुणी सांगितलं तर मागच्या बाकावरच्यांना विचारून बघा.

मग काय, प्रत्येक गोष्टीत सगळ्यांना विचारत बसायचं?

नाही, बिलकूल नाही! १९७२ मध्ये जोसेफ अलुटो आणि जेम्स बेलास्को यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या शिक्षकांवर काम करून तीन अवस्था सांगितल्या: हवा त्यापेक्षा कमी सहभाग, हवा तेवढा, आणि हवा त्यापेक्षा जास्त. ही तिसरी अवस्था आपल्याकडे कुणी बोलतच नाही. फिनेलच्या ब्रँडपासून पाहुण्यांच्या शालीच्या रंगापर्यंत सगळ्यावर चर्चा ठेवली तर शिक्षक वैतागतात, आणि त्यांचं बरोबर आहे, कारण तेवढ्यात वह्या तपासून झाल्या असत्या.

एडविन ब्रिजेस यांनी १९६७ मध्ये मुख्याध्यापकांसाठी दोन कसोट्या दिल्या होत्या, त्या अजून उपयोगी आहेत. या निर्णयाचा शिक्षकाच्या कामावर थेट परिणाम होतो का? आणि या विषयातलं त्याला कळतं का? दोन्हीला हो असेल तर सुरुवातीपासून घ्या, दोन्हीला नाही असेल तर हेडनी ठरवून मोकळं व्हावं. एकाला हो आणि एकाला नाही असेल तर एखाद्या टप्प्यावर विचारा. उदाहरणार्थ शाळेच्या इमारतीचं वॉटरप्रूफिंग, त्रास सगळ्यांना होतो पण त्यातलं कळणारे कमी, तेव्हा कुठल्या वर्गात किती गळतं एवढं शिक्षकांकडून घ्या आणि बाकीचं इंजिनिअरवर सोडा.

कोणत्या निर्णयात शिक्षक असायलाच हवेत?

वर्गाच्या जितकं जवळ तितकं जास्त. वर्गवाटप आणि तासिका वाटप, वेळापत्रक, चाचण्यांच्या तारखा, कच्च्या मुलांसाठी जादा तास कधी आणि कुणी घ्यायचे, कुठली पुस्तकं आणि साहित्य मागवायचं, सहल कुठे न्यायची, प्रशिक्षणाला कोण जाणार.

यातल्या वेळापत्रकावर जरा थांबतो, कारण वर्षभराची नाराजी तिथूनच सुरू होते. सहसा जूनमध्ये पर्यवेक्षक आणि एकदोन सिनिअर बसून ते लावतात आणि छापील प्रत हातात येते तेव्हा बदलायला जागा नसते. आमच्या शाळेत एका वर्षी कच्चं वेळापत्रक स्टाफरूमच्या बोर्डावर दोन दिवस लावून ठेवलं, शेजारी सुतळीला पेन्सिल बांधली आणि ज्याला अडचण आहे त्याने चौकटीतच खूण करायची असं ठरलं. विज्ञानाच्या मॅडमनी प्रयोगशाळेसाठी जोड तास मागितला. आठवीला रोज शेवटचा तास गणिताचा पडत होता, तिथे गणिताच्या सरांनी गोल केला. पीटीचे सर म्हणाले की सहाव्या तासाला प्राथमिकची मुलं सुटतात, मैदानावर रिक्षा उभ्या असतात, तिथे मी खेळ कसा घेऊ? ही गोष्ट आत बसून वेळापत्रक लावणाऱ्या कुणालाच दिसली नव्हती, दिसणार पण नव्हती. मराठीच्या बाईंनी आपला दुसरा तास सोडला आणि गणित वर सरकलं. सगळ्यांचं समाधान झालं का तर नाही, दोघांना शनिवारी सलग चार तास आलेच, पण ते का आले हे बोर्डावर सगळ्यांसमोर झालं होतं म्हणून "माझ्यावरच का" ही कुरबुर त्या वर्षी ऐकू आली नाही. बदली तास मागितला की लोक नाक न मुरडता घेत होते, हे मी स्वतः बघितलंय.

कायद्याने शिक्षकांना काही हक्क आहे का?

आहे, पण शाळेच्या प्रकारावर अवलंबून आहे.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम २१ प्रमाणे सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती लागते. तिच्यात निदान तीन चतुर्थांश पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. उरलेल्या जागांमध्ये लोकप्रतिनिधी आणि शिक्षक येतात, आणि आपल्याकडे मुख्याध्यापक सचिव असतात. कलम २२ मध्ये शाळा विकास आराखडा करायचं काम याच समितीकडे दिलंय. २०१२ च्या दुरुस्तीनंतर अनुदानित आणि अल्पसंख्याक शाळांत ही समिती फक्त सल्ला देण्यापुरती आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

खाजगी शाळांसाठी महाराष्ट्रात १९७७ चा सेवाशर्ती कायदा आणि १९८१ ची नियमावली आहे. त्या नियमावलीतल्या शालेय समितीवर व्यवस्थापनाच्या प्रतिनिधींबरोबर कायम शिक्षकांपैकी एकाला सेवाज्येष्ठतेने आळीपाळीने घ्यायचं असतं. तुमच्या शाळेत यंदा तो शिक्षक कोण आहे हे स्टाफमध्ये विचारा. पाचजणांनी पाच उत्तरं दिली किंवा कुणालाच सांगता आलं नाही, तर काम कुठून सुरू करायचं ते कळलं.

आणि जगाच्या पातळीवर बघायचं तर युनेस्को आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने ५ ऑक्टोबर १९६६ ला शिक्षकांच्या दर्जाबद्दल शिफारस स्वीकारली, जागतिक शिक्षक दिन त्याच तारखेला असतो तो यामुळेच. नवे अभ्यासक्रम, पाठ्यपुस्तकं, शैक्षणिक साहित्य तयार करताना शिक्षक आणि त्यांच्या संघटना सहभागी असाव्यात असं त्यात लिहिलंय. शिफारस आहे, बंधनकारक नाही, पण मागणी करताना तिचा आधार घेता येतो.

समितीवर एकटा शिक्षक जाऊन काय करणार?

एकटा गेला तर काहीच नाही. तो स्टाफचा निरोप घेऊन गेला आणि येऊन सांगितलं तर बरंच काही. बैठकीच्या आधी विषयपत्रिका स्टाफरूममध्ये लावा, दहा मिनिटं बोलून घ्या, बैठकीनंतर काय झालं ते दुसऱ्या दिवशी सांगा. पालकांना शाळेची जी बाजू कधी कळत नाही ती या एका माणसामुळे कळते, उदाहरणार्थ ऑनलाइन माहिती भरायला एक शिक्षक अख्खा दिवस अडकला की त्याचा वर्ग कुणाकडे जातो.

निर्णय तर मंत्रालयातून येतात, जीआर (शासन निर्णय) आला की विषय संपला, मग शाळेत चर्चा करून उपयोग काय?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आणि यातली चीड मला पूर्ण पटते. पण वरून आलेला निर्णय खाली न विचारता घेतला की काय होतं याचं उदाहरण आपण सगळ्यांनी नुकतंच पाहिलंय. "एक राज्य एक गणवेश" योजनेत २०२४-२५ ला शाळांनी गणवेश घ्यायचे त्याऐवजी कापड वरून आलं आणि शिलाई बचत गटांकडे गेली. कित्येक शाळांत सत्र निम्मं झालं तरी गणवेश पोचले नव्हते, जे आले त्यांची मापं बसेनात. पोरांना नवा गणवेश का नाही हे पालकांना कोण सांगत होतं? वर्गशिक्षक. ज्याला कुणी विचारलं नव्हतं तोच उत्तर देत होता. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने निर्णय बदलला आणि गणवेशाचं काम परत शाळा व्यवस्थापन समितीकडे दिलं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवायचे असं ठरलं, लहान मुलांची झोप पुरी व्हावी हा हेतू चांगलाच होता. पण एकाच इमारतीत सकाळी प्राथमिक आणि दुपारी माध्यमिक भरणाऱ्या शाळांनी काय करायचं, रिक्षावाल्या काकांच्या फेऱ्या कशा बसवायच्या, मधल्या सुट्टीत पोषण आहार किती वाजता वाढायचा? ही उत्तरं जीआरमध्ये नसतात, ती शाळेतच शोधावी लागतात. म्हणजे काय करायचं हे वरून आलं तरी कसं करायचं हा भाग बराचसा शाळेच्या हातात उरतो. हेडनी जीआर नुसता फॉरवर्ड करायचा की स्टाफला बसवून "आपल्याकडे हे कसं बसवूया" असं विचारायचं, एवढं स्वातंत्र्य प्रत्येक शाळेत आहे.

अशैक्षणिक कामांबद्दल तर आम्हाला कुणीच विचारत नाही!

बरोबर. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये दहा वर्षांची जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढीच बिनशैक्षणिक कामं मान्य आहेत. मतदारयादीच्या कामाबद्दल २००७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ते शिक्षकांना सुट्टीच्या दिवशी, शिकवणं नसेल तेव्हा द्यावं. प्रत्यक्षात काय होतं ते बीएलओ म्हणून, म्हणजे मतदारयादीच्या कामाला, घरोघर फिरलेल्या कुणालाही विचारा.

बांधिलकीवर याचा परिणाम थेट होतो. काम जास्त आहे म्हणून माणूस जेवढा थकतो त्यापेक्षा हे काम माझं नाही आणि मला नाही म्हणायची सोय नाही, याने जास्त थकतो. शाळेच्या पातळीवर करता येण्यासारखं एकच आहे, वाटप उघड करा. कुणाकडे पोषण आहाराच्या नोंदी, कुणाकडे यूडायस (शाळेची ऑनलाइन भरायची सरकारी माहिती), कुणाकडे शिष्यवृत्तीचे फॉर्म, कुणाकडे आधार दुरुस्ती, याचा एक तक्ता करा आणि दर वर्षी आळीपाळीने बदला. ज्याला कॉम्प्युटर येतो त्याच्याच गळ्यात सगळं पडतं आणि तीन वर्षांत तो चांगला शिक्षक क्लार्क होऊन बसतो.

बदल्यांचं काय? त्यात तर सहभाग कसा असणार?

जिल्हा परिषदेत २७ फेब्रुवारी २०१७ च्या शासन निर्णयाने बदल्या ऑनलाइन झाल्या, अवघड क्षेत्र आणि सर्वसाधारण क्षेत्र ठरलं, पती-पत्नी एकत्रीकरण, आजारी आणि दिव्यांग शिक्षक यांचे वेगळे संवर्ग झाले. त्याआधी बदलीसाठी कुणाकुणाकडे खेटे घालावे लागायचे ते जुन्या गुरुजींना आठवत असेल. ऑनलाइनमध्येही पुष्कळांना खो बसला, विस्थापित झाले, कोर्टात गेले. तरी नियम आधी माहीत असणं आणि सगळ्यांना एकच असणं याचंही एक वजन असतं. निकाल मनाविरुद्ध लागला तरी रीत न्याय्य वाटली तर माणूस नव्या गावात लवकर रुजतो.

शिक्षकांनीच चालवलेली संस्था असं कधी झालंय का आपल्याकडे?

झालंय, पुण्यातच. न्यू इंग्लिश स्कूल १ जानेवारी १८८० ला सुरू झालं, १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज. ही संस्था शिक्षकांचीच होती. टिळक, आगरकर, पुढे गोखले हे तिथे पगारी नोकर म्हणून शिकवत नव्हते, आजीव सदस्य होते, वीस वर्षं सेवेची शपथ आणि अगदी थोडं वेतन. गोखल्यांचं वेतन महिना ७५ रुपये होतं. जो शिकवतो तोच संस्थेचा कारभार ठरवतो ही कल्पना दीडशे वर्षांपूर्वीची नाही म्हटलं तरी त्याच्या जवळपासची आहे, आणि ती बाहेरच्या कुठल्या मॅनेजमेंटच्या क्लासमधून आलेली नाही.

पण पूर्ण चित्र सांगायचं तर तिथे भांडणंही जोरदार झाली. सदस्यांनी बाहेरून कमाई करावी का, वेतन वाढवावं का, यावरून वाद विकोपाला गेले आणि १८९० मध्ये टिळकांनी राजीनामा दिला. आगरकर राहिले, १८९२ ला फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे की एवढी मोठी माणसं एवढ्या तीव्रतेने भांडली कारण संस्था प्रत्येकाला आपली वाटत होती. म्हणून स्टाफ मीटिंगमध्ये वाद झाला की लगेच "वातावरण बिघडलं" म्हणून घाबरू नका. जिथे कुणालाच कशाचं काही वाटत नाही तिथे मीटिंग पंधरा मिनिटांत संपते.

अलीकडचं आणि सरकारी शाळेतलं उदाहरण आहे का?

सातारा जिल्ह्यातलं कुमठे बीट, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडे असलेला शाळांचा गट. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या जिल्हा परिषद शिक्षकांनी ज्ञानरचनावादावर, म्हणजे मूल स्वतः करून शिकतं या विचारावर, काम केलं, वर्गातल्या फरशीवर आखणी, गटात बसून शिकणारी मुलं, हाताशी साहित्य. राज्यभरातून शिक्षक ते बघायला बसने, स्वतःच्या खर्चानेसुद्धा गेले. २२ जून २०१५ च्या जीआरने "प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र" सुरू झालं तेव्हा या कामाचा सगळीकडे बोलबाला झाला.

पुढचा भाग शिकण्यासारखा आहे. ज्या शिक्षकांनी स्वतः बघून, आपल्या वर्गात काय बसेल ते ठरवून केलं, त्यांच्याकडे ते टिकलं. जिथे वरून सांगितलं म्हणून एका आठवड्यात फरशा रंगवून फोटो पाठवले गेले तिथे पुढच्या वर्षी फरशी पुसट झाली आणि मुलं परत ओळीत बसली. पद्धत तीच, फरक एवढाच की ती कुणी ठरवली.

मुख्याध्यापकांचा प्रश्न: सगळ्यांना विचारलं तर माझा अधिकार कुठे राहतो? आणि जबाबदारी शेवटी माझ्याच डोक्यावर ना?

जबाबदारी तुमचीच राहते सर, मॅडम, ते नाकारण्यात अर्थ नाही. चौकशी आली की गटशिक्षणाधिकारी तुम्हालाच बोलावणार. म्हणूनच चर्चेच्या आधी स्पष्ट सांगा की हा निर्णय तुम्ही सगळे मिळून घ्या, किंवा यात मला तुमचं मत हवंय पण निर्णय मी घेणार, किंवा हे ठरलेलं आहे, मी फक्त कळवतोय. तिन्ही चालतात. गडबड होते ती तिसऱ्यात असताना पहिल्याचं नाटक केलं की.

आणि नाही म्हणायची वेळ आली तर कारण द्या. "बघू" हे उत्तर नाही. "हे यंदा होणार नाही कारण वेतनेतर अनुदान अजून जमा झालेलं नाही" हे उत्तर आहे.

शिक्षण सेवक आणि नवीन शिक्षक मीटिंगमध्ये बोलतच नाहीत, काय करावं?

तीन वर्षं मानधनावर, कायम होणं दुसऱ्याच्या सहीवर, अशा माणसाने भर मीटिंगमध्ये सिनिअर सरांना खोडून काढावं ही अपेक्षाच चुकीची आहे. प्राथमिकच्या शिक्षण सेवकाचं मानधन २०२३ पर्यंत ६,००० रुपये होतं, मग १६,००० झालं, म्हणजे त्याची स्थिती काय असते ते समजून घ्या. मुद्दे आधी चिठ्ठीवर लिहून घ्या, नाव न घालता. किंवा बोलण्याची सुरुवात सगळ्यात ज्युनिअरपासून करा, कारण सिनिअर एकदा बोलले की बाकीचे "सरांनी सांगितलं तेच" म्हणतात. नवीन लोकांकडे टॅब, प्रोजेक्टर, नव्या मूल्यमापनाची माहिती जास्त असते, ती वाया घालवू नका.

आमच्याकडे संस्थेविरुद्ध बोललं की त्रास सुरू होतो, मग?

हे सगळीकडे नसलं तरी आहे, आणि अशा ठिकाणी "सहभाग घ्या" असा सल्ला देणं सोपं असतं. एकट्याने बोलू नका, मागणी लेखी द्या, पोच घ्या, मीटिंगमध्ये वेगळं मत असेल तर ते इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगा. खाजगी शाळेत बडतर्फी, सेवेतून काढणं, पदावनती किंवा बढती डावलणं यावर शाळा न्यायाधिकरणात दाद मागता येते, त्याची मुदत आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांची असते, ती चुकवू नका. संघटनेतल्या जाणत्या माणसाशी आधी बोला.

शिक्षक आमदार असतात की विधान परिषदेत, तो सहभाग नाही का?

आहे. महाराष्ट्राच्या विधान परिषदेत ७८ पैकी ७ जागा शिक्षक मतदारसंघांच्या आहेत. पण घटनेच्या कलम १७१ प्रमाणे मतदार होतात माध्यमिक किंवा त्यावरच्या संस्थेत शिकवणारे. पहिलीला अक्षरं शिकवणाऱ्या जिल्हा परिषदेच्या बाईंना तिथे मत नाही. मला हे फार खटकतं, राज्यातले सर्वात जास्त प्रयोग ज्या वर्गात होतात तिथल्याच शिक्षकांना वगळलंय.

दोनशिक्षकी शाळेत कसला सहभाग, दोघंच तर आहोत!

उलट तिथे तो रोजचा असतो. पहिली-दुसरी कोण घेणार, एकजण मीटिंगला गेला तर चारही वर्ग कसे बसवायचे, हे बोलूनच होतं. तिथली अडचण वेगळी आहे, दोघांचं पटलं नाही तर शाळाच थांबते. अशा वेळी केंद्रप्रमुखांनी मध्ये पडावं आणि शिक्षण परिषदेत बाकीच्या शाळांशी बोलायला वेळ ठेवावा.

पगारच वेळेवर नाही, टप्पा अनुदानावर (टप्प्याटप्प्याने वाढणाऱ्या सरकारी अनुदानावर) वर्षं गेली, तिथे या गोष्टी कशाला?

तिथे आधी पगार. पोटाचा प्रश्न असताना सहभागाचं बोलणं चुकीचं वाटतं आणि ते तसं आहेच. फक्त संस्थाचालकांना एक सांगणं, पैसे देणं हातात नसेल तेव्हा तरी हिशोब दाखवा. किती फी आली, कुठे गेली हे ज्या शिक्षकाला माहीत असतं तो अडचणीत जास्त काळ सोबत राहतो.

व्हॉट्सअॅप ग्रुपवर पोल टाकला तर चालेल का?

सहलीच्या तारखेसाठी चालेल. वर्गवाटपासाठी नाही. आणि रात्री दहानंतर ग्रुपवर सूचना टाकून सकाळी "वाचलं नाही का" असं विचारू नये.

सुरुवात कुठून करावी?

समग्र शिक्षा या सरकारी योजनेतल्या संयुक्त शाळा अनुदानापासून. शाळेच्या पटाप्रमाणे ते येतं, ३० ते १०० पटाला २५,००० रुपये, १०० ते २५० ला ५०,०००. त्यातला निदान १० टक्के भाग स्वच्छतेसाठी ठेवायचा असतो. रक्कम मोठी नाही, त्यामुळे चूक झाली तरी फार बिघडत नाही, आणि प्रत्येकाच्या वर्गाशी तिचा संबंध येतो.

असं करा. रक्कम किती आणि नियम काय हे आधी फळ्यावर लिहा. प्रत्येक वर्गशिक्षकाने आपल्या वर्गाची एकच निकड सांगायची, किमतीसकट, म्हणजे "पंखा दुरुस्ती" एवढं न म्हणता दुकानात विचारून आलेला आकडा. बेरीज अनुदानाच्या वर जाणारच, मग काय कमी करायचं ते हेडनी न ठरवता सगळ्यांनी बसून ठरवायचं. इथे खरी चर्चा सुरू होते, कारण सातवीचा फळा आणि पहिलीच्या बैठ्या पट्ट्या यातलं एकच होणार असतं आणि दोन्ही बाजू खऱ्या असतात. ठरलेली यादी समितीच्या बैठकीत शिक्षक प्रतिनिधीने मांडावी. खरेदीला दोन शिक्षक जावेत, दर वेळी वेगळे. बिलं आली की हिशोबाची एक प्रत समितीकडे आणि एक स्टाफरूमच्या बोर्डावर लावा, उरलेल्या रकमेसकट.